जुनं जमा केल्याशिवाय नवं नाही

आमच्या पाणी संस्थेच्या कॉम्प्युटरला नवी आवृत्ती बसवली आणि जयवंतावहिनीची पाण्याची पाळी गेली. गोष्ट एवढीच आहे. पण सांगायला बसलो की अजूनही डोकं तापतं, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. नदीवर संस्थेचा पंप, पंपापासून जमिनीत गाडलेला पाइप, आणि पाइपावर वावरावावरापाशी बांधलेल्या सिमेंटच्या कुंड्या. ज्याची पाळी असेल त्याच्या कुंडीत दिवसभर पाणी. सगळ्या गावाची पाळी एकदा फिरायला दीड-दोन महिने लागतात. पाळी कोणाची ते संस्थेचे बडेबाबू मनोहरराव वहीत लिहायचे. ज्याच्या घरचा चहा गोड त्याची पाळी आधी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मधुकररावांच्या घरचा चहा फारच गोड असावा, कारण एका फेऱ्यात त्यांची पाळी दोनदा यायची.

जयवंतावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, रूपरावची बायको. रूपराव एस.टी.त कंडक्टर, आर्वी डेपोला. घरी येतो तो पाहुण्यासारखा, चहा पितो, इस्त्रीचे कपडे घेतो आणि जातो. संत्र्याची बाग लावली वहिनीनं, जगवली वहिनीनं. तिच्या आणि मधुकररावांच्या वावरात एक धुरा, म्हणजे सामाईक बांध. त्यांचं वावर वर, हिची बाग खाली.

सत्याऐंशीच्या सभेत वहिनी उभी राहिली. बायांनी सभेत सतरंजीच्या कडेला बसायचं आणि ठराव झाला की हात वर करायचा, एवढंच तोपर्यंत चालत आलं होतं. ही उभी राहिली आणि मधुकररावांकडे बोट करून म्हणाली, "हा मानूस पानी चोरते, अन् बाबू त्याले चोरू देते. मानूस खोटं बोलते, मशीन बोलत नाई. मानसाच्या हातातून पाळी काढा. मशीन आना."

अध्यक्ष अण्णाजींना मशीन म्हटलं की फोटो दिसतो. त्यांनी कुठल्याशा योजनेतून कॉम्प्युटर आणला, हार घातला, फोटो काढला. वर्ध्याला कोर्स करून आलेली कोकिळा नावाची मुलगी रोजंदारीवर नेमली. आणि खरं ते खरं सांगतो, पहिला हंगाम मशीननं चोख काम केलं. पाळीची चिठ्ठी मशीन छापायचं, चिठ्ठीवर तारीख असायची, त्या तारखेला पाणी यायचं. त्या वर्षी पाण्यापायी कोणाचं डोकं फुटलं नाही. मनोहररावांच्या घरी साखर कमी पडू लागली असं लोक म्हणत.

मग अठ्ठ्याऐंशीची संक्रांत झाली आणि वरच्या ऑफिसातून माणूस आला. त्याच्याजवळ एक खोकं, खोक्यात नव्या फ्लॉप्या आणि एक पुस्तक. मशीनला जागं करणारा, त्याला लिहाय-वाचायला लावणारा जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याच्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं टीव्हीचं खोकं, त्याची नवी आवृत्ती निघाली होती. सगळ्या संस्थांनी ती बसवावी असा हुकूम होता.

ते पुस्तक मी नंतर पाहिलं. कंपनीनं त्यात काही लपवलेलं नव्हतं. नव्या आवृत्तीत काय काय बदललं, ते बसवण्याआधी काय करा, बसवल्यावर काय करा, सगळं पहिल्या पानांवरच मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आधी जुन्या फ्लॉप्यांच्या दोन-दोन नकला करा. त्या सुरक्षित जागी ठेवा. नव्या आवृत्तीवर तुमची रोजची कामं नीट चालतात का ते आधी खोट्या माहितीवर चालवून पाहा. आणि चौकट आखून लिहिलं होतं की या आवृत्तीत तारीख वाचण्याची पद्धत बदलली आहे, तुमचा देश कोणता ते मशीनला आधी सांगा. न सांगितल्यास ते महिना आधी आणि दिवस मागून असं वाचेल. जुनी माहिती त्याआधी उघडू नका. उघडून साठवलीत तर ती उलटीच साठेल, आणि मग जुन्या आवृत्तीशिवाय परत फिरता येणार नाही.

यापेक्षा सोपं काय लिहायचं असतं? विहिरीवर 'येथे विहीर आहे' अशी पाटी लावली होती. आमचे लोक पाटी वाचून उडी मारणारे.

कोकिळानं पान वाचलं आणि मनोहररावांना सांगितलंही.

"साहेब, याच्यात हाय की जुन्या फ्लॉप्या जपून ठेवाच्या. नव्यावर काम बराबर चालते का ते पाहाचं, मंगच जुन्या काढाच्या."

"कोन म्हनते?"

"कंपनी."

"कंपनी आपल्या स्टोअरचे नियम बनवते का?"

आता हा स्टोअरचा नियम सांगितला पाहिजे, कारण सगळी माती त्यानंच झाली. आमच्याकडे सरकारी म्हणा, सहकारी म्हणा, कुठल्याही स्टोअरातून नवी वस्तू घ्यायची तर जुनी जमा करावी लागते. झाडू पाहिजे तर जुन्या झाडूचा बुडखा आणा. बल्ब पाहिजे तर जळका बल्ब आणा. आणि जमा केलेली वस्तू कोणी चोरून पुन्हा जमा करू नये म्हणून ती तिथल्या तिथं निकामी करायची. बल्ब फोडतात, सतरंजी फाडतात, बादलीच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडतात. मनोहररावांची सगळी नोकरी या नियमावर गेलेली. वरून आलेला माणूसही त्याच तालमीतला. तो म्हणाला, जुनं जमा केल्याशिवाय नवं देता येत नाही, मला सही पाहिजे.

"कात्री आन," मनोहरराव कोकिळाला म्हणाले.

"साहेब, पुस्तकात सुरक्षित जागी ठेवा म्हनून हाय."

"स्टोअरपेक्षा सुरक्षित जागा कोनती असते? आन कात्री."

तिनं आणली आणि तिनंच कापल्या. मूळ फ्लॉप्या कापल्या, त्यांच्या नकला कापल्या. पाळ्यांची फ्लॉपी तेवढी वाचली, कारण ती संस्थेनं वर्ध्याहून स्वतः विकत आणलेली, स्टोअरच्या खात्यावर नव्हती. मी कोकिळाला नंतर विचारलं, "बाई, तू तं वाचलं व्हतं. तू काऊन कापल्या?"

"मी रोजंदारीवर हाय, भाऊ. पुस्तक मले रोजी देत नाई."

तिच्या जागी कंपनीचा मालक असता तर त्यानंही कापल्या असत्या.

त्याच दिवशी नवी आवृत्ती बसली. देश कोणता ते मशीनला कोणी सांगितलं नाही. मनोहररावांना घाई होती, 'नवी आवृत्ती यशस्वीरीत्या कार्यान्वित' असा अहवाल माणसाच्या हातीच परत पाठवायचा होता. पाळ्यांची फ्लॉपी घातली, उघडली, साठवली. पडद्यावर अक्षरं आली म्हणजे झालं यशस्वी. मनोहररावांनी अहवालावर सही ठोकली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली.

मशीननं काय केलं असेल? वहिनीची पाळी होती एक फेब्रुवारीला. फ्लॉपीवर लिहिलेलं एक, मग दोन. नव्या आवृत्तीनं महिना आधी वाचला आणि ती केली दोन जानेवारी. मधुकररावांची पाळी होती दोन जानेवारीला, त्या दिवशी जुन्या आवृत्तीच्या चिठ्ठीवर त्यांनी पाणी घेऊनही झालं होतं. त्यांचं दोन आणि एक उलटं होऊन झालं एक फेब्रुवारी. म्हणजे वहिनीचं पाणी मधुकररावांना दुसऱ्यांदा, आणि वहिनीची पाळी होऊन गेलेली.

आणि गावात बोंब का झाली नाही? कारण तेरावा महिना नसतो. बारा तारखेच्या पुढच्या पाळ्या मशीनला उलट्या वाचताच येईनात, तेव्हा ते गुपचूप सरळ वाचायचं. बहुतेकांचं काहीच बिघडलं नाही. ज्या आठ-दहा जणांचं बिघडलं त्यांची पाळी मार्चपासून डिसेंबरापर्यंत कुठंही जाऊन पडली, पण त्यांच्या विहिरींना पाणी होतं. ते ऑफिसात जाऊन दोन शिव्या देऊन आले आणि निजले. आपलं भागलं की दुसऱ्याचं मशीन बरोबरच असतं.

वहिनीचं विहिरीवर भागणारं नव्हतं. संत्र्याच्या आंबिया बहाराला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, झाडाला तहानेनं कासावीस करायचं. पानं मुरडतात, रंग उडतो, जमिनीला भेगा पडतात. आमची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी, म्हणून ताणाला दिवसही जास्त लागतात. मग नेमक्या वेळी एक मोठं पाणी. त्या पाण्यानं झाड दचकून जागं होतं आणि फुलावर येतं. ते पाणी चुकलं तर फूल नाही, आणि फार चुकलं तर फांदी वाळत शेंड्याकडून खाली येते. एकदा बाग भिजली की पुढचं हलकं पाणी विहिरीतून खरवडून देता येतं. पण ते पहिलं पाणी विहिरीच्या बापाच्यानं होत नाही. वहिनीनं सगळा हिशेब एक फेब्रुवारीवर बसवला होता.

जानेवारी संपत आला तरी चिठ्ठी आली नाही म्हणून ती ऑफिसात गेली. इंग्रजी कागद निघाला तर वाचायला असावा म्हणून मला सोबत घेतलं. माझं इंग्रजी खताच्या पोत्यांवरून शिकलेलं, पण गावात तेवढंही महाग.

मनोहररावांनी मशीनचा कागद काढला, चष्मा लावला. "जयवंता रूपराव. दोन जानेवारी. तुमची पाळी झाली, बाई."

"झाली म्हंजे?"

"झाली म्हंजे झाली. पानी घेतलं तुमी."

"दोन जानेवारीले माही बाग ताणावर व्हती. ताणातल्या बागेले पानी कोन देते? बाळंतिणीले कोनी सासरी धाडते का?"

"थे मले काय मालूम? मशीनीत तं घेतलं म्हनून हाय."

"मंग मशीनीले घेऊन चाला माह्या बागेत. भेगेत हात घालून दाखवतो. कोपरापर्यंत जाते."

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, मशीन आनाचा ठराव कोनाचा व्हता? तुमचाच न? मानूस खोटं बोलते, मशीन बोलत नाई, हे तुमचेच शब्द हायेत. मी इतिवृत्तात लिहून ठेवले."

हे सांगताना मनोहरराव गालात हसले, ते मी पाहिलं. लेकाला साखरेचा हिशेब चुकता करायचा होता.

कोकिळानं मान खाली घालून पुस्तक वहिनीपुढं सरकवलं आणि चौकट दाखवली. मी वाचली, वहिनीला मराठीत सांगितली. वहिनीनं दोनदा सांगायला लावली.

"म्हंजे जुनं असतं तं आता सुधरवता आलं असतं?"

"हाव," कोकिळा म्हणाली.

"जुनं कोठं हाय?"

कोकिळानं टेबलाचा खण उघडला. कापलेल्या फ्लॉपीचा एक तुकडा आत होता, तिनं खूण म्हणून वापरायला ठेवला असावा. वहिनीनं तो हातात घेऊन उलटापालटा पाहिला. "आमच्याकडे नवी गाय दूध द्याले लागल्याशिवाय जुनी इकत नाई कोनी," एवढंच म्हणाली आणि तुकडा परत ठेवला.

दुसरा रस्ता होता. सगळ्या पाळ्या मूळ ठरावावरून पुन्हा मशीनमध्ये भरायच्या. कोकिळा म्हणाली, मी बसते, करते. मनोहरराव म्हणाले, अध्यक्षांच्या आदेशाशिवाय नाही. आणि खरी गोम अशी की पाळ्या पुन्हा भरायच्या म्हणजे 'यशस्वीरीत्या कार्यान्वित' खोटं ठरतं. शिक्का मारलेला, फुंकर घातलेला कागद खोटा ठरतो. बाग वाळली तर वाळेल, बाग काही सही करून वर पाठवलेली नव्हती.

मग टिपणी लिहिली गेली. 'सभासद जयवंता रूपराव यांच्या पाळीबाबत संगणकात तफावत असल्याचे सभासदाचे म्हणणे आहे, तरी योग्य आदेश व्हावेत.' अण्णाजी नागपूरला होते, टिपणी एस.टी.नं नागपूरला गेली. रूपरावच्याच गाडीनं गेली, हेही सांगून ठेवतो. परत आली तेव्हा समासात लाल शाईनं दोन शब्द होते. 'चर्चा करावी.'

"कोनासंगं?" वहिनीनं विचारलं.

"थे नाई लिहिलं."

"मंग मी कोनासंगं करू? झाडासंगं?"

"बाई, तुमी आवाज चढवू नका. प्रक्रिया सुरू हाय."

घरी परत येताना वहिनी बागेत थांबली. एका झाडाची फांदी वाकवून तिनं शेंड्याचं पान चुरगळलं, त्याचा तंबाखूसारखा चुरा झाला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊजी, उद्याचा एक दिवस हाय. मधुकररावाच्या घरी जाऊन येतो."

"मी येऊ?"

"या. पन बोलू नका."

मधुकरराव ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांची बायको मंदाबाई सुपात तीळ निवडत होती. मधुकररावांनी वहिनीला पाहिलं आणि पाय लांब केले.

"या जयवंताबाई. चोराच्या घरी रस्ता चुकल्या?"

"उद्याच्या पाळीची चिठ्ठी तुमच्या नावानं निंगाली. थे पानी माहं हाय. तुमी तुमचं दोन जानेवारीले घेतलं."

"घेतलं नं. पोटभर घेतलं. माह्या चन्याले आता पानी नको बी. घाटे भरून राह्यले, आता पानी लागलं तं मर लागते."

"मंग लिहून द्या का तुमाले नको. थे दाखवून हपिसातून माह्या नावाची चिठ्ठी काढतो."

"देतो." ते उठून बसले. "पन पुढच्या सभेत तुमी उभं राहाचं. म्हनाचं का मशीन खोटं निंगालं, पाळी पयल्यासारखी वहीत लिहा. अन् म्हनाचं का मधुकररावाले मी चोर म्हनली थे चुकलं. एवढं म्हना, आताच कागद लिहून देतो. मंदा, दौत आन."

मंदाबाई हलली नाही. सुपातून वर पाहून म्हणाली, "द्या नं असंच. झाडं मरून राह्यली थे बिचारीचे."

"तू तीळ निवड."

वहिनी उभी होती. मी बोललो नाही, सांगितलं होतं म्हणून. नाहीतर काय बोललो असतो ते इथं लिहिता येत नाही. मनात आलं, ही म्हणेल. दोन वाक्यं तर आहेत. सभेत रोज खोटं बोलणारे आमच्या गावात पैशाला पासरी, हिनं एक दिवस बोललं तर काय बिघडतं? झाडं वाचतील.

"मशीनीनं घोटाळा केला हे मी म्हनतो," वहिनी म्हणाली. "चौकात म्हनतो. त्याचं पुस्तक वाचाले पायजे व्हतं, नाई वाचलं. पन तुमी चोरलं नाई हे नाई म्हनत. चोरलं व्हतं. एका फेऱ्यात तुमची पाळी दोनदा आली थे मी मोजलं व्हतं."

"मंग ठेव वाळत."

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

वाटेत मी तोंड सोडलं. म्हटलं, वहिनी, ऐन वेळेला काय हे हरिश्चंद्राचं सोंग? ती चालत राहिली. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "भाऊजी, तुमचं फावडं पाह्यटीच लागन. माह्या फावड्याचा दांडा ढिला हाय."

"कायले?"

"लागन म्हनली नं."

एक फेब्रुवारीला उजाडता उजाडता मी फावडं घेऊन तिच्या धुऱ्यावर गेलो. ती आधीच तिथं बसली होती, डोक्यावरून पदर, हातात तंबाखूची चिमूट. मला वाटलं, आता ही कुंडी फोडणार. मी तयार होतो. तिनं फावडं आडवं मांडीवर घेतलं आणि बसून राहिली.

पंपवाला सायकलवर आला. वर मधुकररावांच्या कुंडीपाशी उतरला, कुलूप काढलं, पाणी सोडायचा वॉल फिरवला. मधुकरराव पाठोपाठ आले, गळ्यात मफलर, दातात काडी.

"भाऊ, बंद कर. मले पानी नको," ते पंपवाल्याला म्हणाले. वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

पंपवाल्यानं चिठ्ठी दाखवली. "तुमच्या नावानं हाय. सूर्य बुडेपर्यंत."

"मी नको म्हनतो नं."

"थे मले नका सांगू. चिठ्ठी बदलवाची तं मशीनीची दुसरी चिठ्ठी आना. चिठ्ठीशिवाय वॉल उघडला तं माही नोकरी जाते, अन् चिठ्ठी असून बंद केला तरी जाते."

"अबे, माहा चना मरन."

"मंग हपिसात जा. दहाले उघडते." त्यानं वॉलवरच्या झाकणाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सायकलवर टांग मारून नदीकडे निघाला. पंपाजवळ जायला त्याला मैलभर पायडल मारायचं होतं.

हा नियमही नवाच होता, मशीनबरोबर आलेला. कोणी पाळी मध्येच विकू नये, कोणाला दान करू नये म्हणून. मधुकररावांनी तो सभेत डुलक्या घेत मंजूर केला होता.

कुंडी भरली. पाणी कडेवरून आलं, पाटात शिरलं, पाटातून सरीत. फुगलेल्या घाट्यांच्या हरभऱ्यातून ते खाली खाली येऊ लागलं. मधुकरराव पाटाला मातीची ढेकळं लावायला धावले. एक बंद करतात तर पाणी दुसरीकडून फुटतं. वावराला उतार, आणि उताराच्या शेवटी धुरा. पाणी धुऱ्याला येऊन टेकलं आणि तुंबायला लागलं. धुऱ्याच्या या बाजूला वहिनीची बाग, भेगाळलेली. दोघांत हातभर माती.

"जयवंता," वरून मधुकरराव ओरडले. "धुरा फोड."

वहिनीनं तंबाखू मळला.

"आयकू येत नाई का? खालचा चना बुडून राह्यला."

"परक्याचं पानी मी कशी घेऊ? चिठ्ठी तुमच्या नावानं हाय."

ते चिखल तुडवत खाली आले. चप्पल एकीकडे रुतली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. स्वतःच फोडतो म्हणाले, पण हातात काही नव्हतं, आणि आमच्याकडे सामाईक धुरा एकट्यानं फोडला तर पंचायतीत जावं लागतं, ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

तेवढ्यात मंदाबाई लुगड्याचा ओचा खोचत पळत आली. पाण्यात उभा हरभरा तिनं पाहिला आणि नवऱ्यावरच घसरली. "काल कागद देला असता तं हे पाहाले लागलं नसतं. तीळ निवड म्हने मले. आता तुमी निवडा, पान्यातून घाटे निवडा."

"तू चूप राह्य."

"मी कायले चूप राहू? निंदन मी केलं, खुरपन मी केलं." मग ती वहिनीकडे वळली. "जयवंता, माय, फोड व धुरा."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मंदाबाईशी तिचं काही वाकडं नव्हतं. ती उठली, फावडं हातात घेतलं, पण मारलं नाही. मधुकररावांना म्हणाली, "पानी कोनाचं हाय?"

"आता हे इचाराची येळ हाय का?"

"मले येळच येळ हाय. माही पाळी दोन जानेवारीलेच होऊन गेली."

पाणी हरभऱ्याच्या अर्ध्या रोपापर्यंत चढलं होतं. मधुकरराव दातातली काडी थुंकले.

"तुहं," ते म्हणाले.

"कोनाचं?"

"तुहं पानी हाय. फोड आता."

तिनं फावडं घातलं. धुऱ्याची माती कोरडी होती, दोन घावांत खिंड पडली आणि पाणी बागेत घुसलं. पहिली भेग त्यानं भरली तेव्हा जमिनीतून बुडबुडे आले. मी पुढं धावलो, एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्यात पाणी वळवू लागलो. वहिनी मागून माती ओढत होती. मंदाबाईही लुगडं वर खोचून आमच्यात आली, आळी मोकळी करू लागली. मधुकरराव वर आपल्या बुडालेल्या कोपऱ्यात उभे होते. खालचा पट्टा त्यांचा गेलाच, पिवळा पडून वाळला नंतर.

दुपारी पंपवाला सही घ्यायला आला. 'पाणी मिळाले' या शब्दांखाली मधुकररावांनी सही केली. कागदावर ते पाणी हरभऱ्याला गेलं, आजही तसंच आहे. वहिनीच्या नावापुढं दोन जानेवारी. बागेला फूल आलं तेव्हा मनोहरराव चौकात सांगत होते, पाहा, दोन तारखेला पाणी मिळालंच होतं बाईंना, उगाच ओरडत होत्या.

पण ते पुढचं. त्या दिवशी ऊन कलेपर्यंत आम्ही आळी भरत होतो. पार शेवटच्या ओळीपर्यंत ओल गेली. वहिनीनं पाय धुतले, फावडं धुतलं, ते माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता ही घटकाभर बसेल, चहा मांडेल.

"भाऊजी," ती म्हणाली, "हपीस बंद व्हायच्या आंधी जाऊन या. पुढच्या फेऱ्यात माह्या पाळीची चिठ्ठी मशीनीनं कोनाच्या नावानं काढली थे इचारून ठेवा."